पुण्याच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या

पुणें शहराच्या अर्वाचीन इतिहासांत दोन फेब्रुवारी महिने ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. १९४९ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस पुणें विद्यापीठाची स्थापना झाली; आणि त्यानंतर एक वर्ष व पांच दिवसांनीं, १५ फेब्रुवारी १९५० रोजीं, पुण्याची जुनी नगरपालिका जाऊन तिच्या जागीं महानगरपालिका आली. विद्यापीठास गणेशखिंडींतील गव्हर्नरांचा प्रासाद राहावयास मिळाला आणि बॅ. मुकुंदराव जयकर यांच्यासारखे कायदेपंडित पहिले कुलगुरु म्हणून लाभले. २०१४ पासून तें सावित्रीबाई फुले यांच्या नांवानें ओळखण्यांत येतें. त्याच्या कीर्तीविषयीं पुणेकरांस फारसें सांगावें लागत नाहीं. धाकट्या बहिणीची गोष्ट निराळी आहे. सकाळीं नळाला पाणी येतें तें तिच्यामुळें, दाराशीं झाडूवाला येतो तो तिच्यामुळें, आणि जन्माचा व मृत्यूचा दाखला मिळतो तोहि तिच्याच कचेरींत. तरी तिचा कारभार कसा चालतो ह्याची माहिती विद्येच्या ह्या माहेरघरांत अगदीं थोड्यांस असते.

महानगरपालिकेंत सत्ता कोणाची, असा प्रश्न एखाद्या पदवीधरास केला तर तो बहुधा "महापौरांची" असें उत्तर देईल. उत्तर चुकीचें आहे. महापौर हे सभेचे अध्यक्ष व शहराचे प्रथम नागरिक होत; त्यांचा मान मोठा, पण खात्यांवर हुकूम चालविण्याचा अधिकार त्यांना नाहीं. तो अधिकार राज्यसरकारनें नेमलेल्या आयुक्तांकडे असतो. उलट पैसा कशावर व किती खर्चावयाचा हें मंजूर करण्याचा अधिकार आयुक्तांकडे नसून लोकांनीं निवडून दिलेल्या सभासदांकडे असतो. थोडक्यांत, तिजोरी एक आणि तिला किल्ल्या दोन अशी ही रचना आहे. दोन्ही किल्ल्या लागल्याखेरीज दार उघडूं नये अशी कायद्याची इच्छा आहे. ही रचना कोठून आली, आणि दोन्ही किल्ल्या एकाच कमरेला लागल्या म्हणजे काय होतें, हें समजण्यास पुण्याइतकें चांगलें उदाहरण महाराष्ट्रांत दुसरें सांपडणें कठीण.

पेशवाईंत हा प्रश्न उद्भवण्याचें कारणच नव्हतें. शहराचा कारभार कोतवालाकडे असे. चोराचिलटांचा बंदोबस्त, बाजारांतील वजनेंमापें, घरवाड्यांच्या खरेदीविक्रीची नोंद, असें सर्व काम कोतवालीच्या चावडींत होई. पेठेपेठेंत शेटे व महाजन असत, आणि सर्वांच्या वर पेशवे सरकार. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रज येथें तलाव बांधून दगडी नळानें शहरांत पाणी आणलें, हें काम १७५० च्या सुमाराचें. तें पाणी ठिकठिकाणच्या हौदांत पडे. पुढें नाना फडणिसांनीं सदाशिव पेठेंत हौद बांधला, इतर सरदारांनींहि आपापल्या परीनें भर घातली. हौद बांधणें हें पुण्यकर्म होतें. पण त्या पुण्यकर्मास लोकांचा कौल घ्यावा लागत नसे, आणि त्या पाण्यावर कोणाचा हक्क व कोणाचा नाहीं हेंहि रूढीनेंच ठरे. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे पुढें परत यावें लागेल.

नोव्हेंबर १८१७ मध्यें शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें. त्यानंतर चाळीस वर्षें शहर कलेक्टरांच्या ताब्यांत राहिलें. १८५० मध्यें हिंदुस्थान सरकारनें एक कायदा केला, त्याअन्वयें एखाद्या गांवच्या रहिवाशांनीं अर्ज केला तर तेथें म्युनिसिपालिटी स्थापतां येत असे. त्या कायद्याखालीं १८५७ मध्यें पुण्यास नगरपालिका आली. तीत सभासद होते, पण निवडणूक नव्हती. सरकार ज्यांस नेमी ते सभासद. कलेक्टरसाहेबांसमोर बसून होय म्हणणें हेंच बहुतेकांचें काम. ज्यांना नेमणुकीचा मान मिळाला ते नेमणाऱ्याविरुद्ध सहसा हात वर करीत नाहींत. परंतु एका सभासदानें तसा हात वर केला, म्हणून त्या काळाची आठवण ठेवावयाची.

ते सभासद जोतीराव फुले. सरकारनें त्यांस १८७६ मध्यें नगरपालिकेवर नेमलें. त्यापूर्वीं आठ वर्षें, १८६८ मध्यें, त्यांनीं आपल्या घराजवळचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला करून दिला होता. कात्रजचें पाणी सव्वाशें वर्षें शहरांत वाहत होतें, पण तें ज्यांच्यापर्यंत पोहोंचूं नये अशी व्यवस्था होती त्यांच्यासाठीं एका गृहस्थानें स्वतःचा हौद मोकळा केला. त्यासाठीं कोणत्याहि सभेचा ठराव लागला नाहीं. फुले हे धंद्यानें बांधकामाचे ठेकेदारहि होते. दगड, चुना, मजुरी ह्यांचे भाव त्यांस तोंडपाठ असणार. असा माणूस सभेंत बसला म्हणजे आंकडे मुकाट्यानें मंजूर होण्याची अडचण पडते.

१८८० मध्यें व्हाइसरॉयांच्या स्वागतार्थ एक हजार रुपये खर्च करावे असा विषय नगरपालिकेपुढें आला. रक्कम आजच्या दृष्टीनें क्षुल्लक वाटेल. तेव्हां ती लहान नव्हती. फुल्यांचें म्हणणें असें कीं, हा पैसा करदात्यांचा आहे आणि तो स्वागताच्या शोभेपेक्षां पुण्यांतील गरीब मुलांच्या शिक्षणाकडे लावावा. मतें घेतलीं तेव्हां विरुद्ध मत देणारे ते एकटे निघाले. ठराव अर्थातच पास झाला. नगरपालिकेच्या तिजोरीस दुसरी किल्ली असावी, ही कल्पना पुण्यांत एका माणसाच्या हातांत प्रथम दिसते ती ह्या प्रसंगीं. कुलूप मात्र त्या किल्लीनें तेव्हां उघडलें नाहीं आणि बंदहि झालें नाहीं.

दुसरा प्रसंग मंडईचा. शहरांतील भाजीबाजार पूर्वीं शनिवारवाड्यापुढील पटांगणांत उघड्यावर भरे. त्याला बंदिस्त इमारत असावी ही गरज खरी होती. पण त्या इमारतीवर लाखांनीं रुपये घालण्याचें ठरलें, तेव्हां तेवढा पैसा शाळांवर घालावा असें फुल्यांनीं सांगितलें. ह्याहि वेळीं त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. शुक्रवार पेठेंत अष्टकोनी मनोऱ्याची ती सुबक इमारत उभी राहिली. १८८६ मध्यें गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्तें तिचें उद्‌घाटन झालें आणि तिला त्यांचेंच नांव मिळालें. पुढें कित्येक वर्षें नगरपालिकेची कचेरी त्याच मनोऱ्यांत होती: खालीं वांगीं-कांदे आणि वर ठराव. अर्ध्या शतकानंतर आचार्य अत्रे नगरपालिकेंत निवडून आले व त्यांच्या आग्रहानें त्या मंडईस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. ज्या इमारतीच्या खर्चास ज्यानें विरोध केला त्याचेंच नांव त्या इमारतीस, असा हा योग आहे. भाजी घेण्यास जाणाऱ्यांपैकीं किती जणांस तो ठाऊक असेल कोण जाणे! मात्र मंडई वाईट होती असें येथें म्हणावयाचें नाहीं. ती आजहि शहराच्या उपयोगीं पडत आहे, आणि फुल्यांच्या विरोधाचा मुद्दा इमारतीच्या चांगलेवाईटपणाचा नसून आधीं काय आणि मागून काय ह्या क्रमाचा होता.

मंडई बांधली जात असतांनाच नगरपालिकेचें रूपहि पालटूं लागलें होतें. १८८२ च्या मे महिन्यांत लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याविषयींचा आपला प्रसिद्ध ठराव काढला. कारभार थोडा बिघडला तरी चालेल, पण लोकांस तो स्वतः करण्याची संवय लागली पाहिजे, हा त्या ठरावाचा गाभा. त्यास अनुसरून मुंबई इलाख्यांत १८८४ मध्यें कायदा झाला आणि नगरपालिकांत निदान निम्मे सभासद निवडलेले असावे असें ठरलें. मत अर्थात् सर्वांस नव्हतें. कर भरणारा व मालमत्ता असणारा पुरुष तेवढा मतदार. म्हणजे हौदावर घागर घेऊन जाणारी स्त्री आणि मंडईंत पाटी वाहणारा हमाल हे दोघेहि सभेच्या दृष्टीनें शहरांत नव्हतेच.

लोकांस मिळालेला हा अर्धामुर्धा अधिकार किती कच्च्या धाग्यावर लोंबकळत होता तें १८९७ च्या प्लेगांत दिसून आलें. सांथ पसरतांच सरकारनें रँड यांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र प्लेग कमिटी नेमली. घरें तपासणें, रोगी हलविणें हीं कामें सोजिरांकडून करविण्यांत आलीं, आणि निवडलेली नगरपालिका बाजूस राहिली. त्या जुलमाची व रँड यांच्या वधाची हकीकत सर्वांस माहीत आहे, ती येथें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. घाई आहे, संकट आहे, असें सांगून निवडलेल्या सभेस बाजूला सारतां येतें, एवढेंच तींतून ध्यानांत घ्यावयाचें.

ह्या सुमाराच्या तीस वर्षांत पुण्याच्या नगरपालिकेंत बसलेल्या माणसांचीं नांवें पाहिलीं तर कोणत्याहि शहरास हेवा वाटावा. लोकमान्य टिळक १८९५ मध्यें सभासद झाले, नामदार गोखल्यांनीं अध्यक्षपद भूषविलें, न. चिं. केळकर अनेक वर्षें सभासद व पुढें अध्यक्ष होते. देशाचें राजकारण आणि गटारांचें राजकारण हीं एकाच माणसांच्या हातांत असण्याचा तो काळ. त्याचा तोटाहि होता: देशांतले पक्ष, देशांतलीं भांडणें मंडईच्या मनोऱ्यांत येऊन बसलीं. १९२४ मध्यें मंडईजवळ टिळकांचा पुतळा उभा राहून पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. पुढील वर्षीं केशवराव जेधे यांनीं जोतीराव फुल्यांचाहि पुतळा उभारावा अशी सूचना आणली, ती सभेनें फेटाळली. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचे दिवस होते ते.

पण त्या काळची सर्वांत मोलाची लढत पुतळ्याची नव्हे, मुलींच्या शाळेची होती. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ मध्यें मुंबई इलाख्यांत असा कायदा झाला कीं, नगरपालिकांची इच्छा असेल तर त्यांनीं आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. इच्छा नगरपालिकेची, म्हणजे खर्चाचा भारहि बव्हंशीं तिचाच. १९२० मध्यें पुण्यास हा प्रश्न निघाला तेव्हां पैसा पुरणार नाहीं म्हणून सक्ती प्रथम मुलांपुरती करावी, मुलींचें मागाहून पाहावें, असा एक पक्ष उभा राहिला. त्यांत मोठमोठीं नांवें होतीं. दुसऱ्या बाजूनें रमाबाई रानडे यांच्या पुढारीपणाखालीं पुण्यांतील स्त्रिया एकत्र होऊन रस्त्यावर आल्या आणि सक्ती दोघांसहि एकदमच लागू झाली पाहिजे अशी त्यांनीं मागणी केली. सभा झाल्या, वर्तमानपत्रांत कडाक्याचा वाद झाला. फुल्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं एकट्यानें घातलेला प्रश्न, आधीं काय आणि मागून काय, तोच हा; फरक इतकाच कीं आतां तो विचारावयास शेंकडों बायका आल्या होत्या. कारभाराची भाषा नेहमीं "पैसा नाहीं" अशी असते. पैसा नाहीं म्हणजे अमक्यासाठीं नाहीं, असा तिचा अर्थ घेण्याची संवय पुण्याच्या स्त्रियांनीं त्या वर्षीं लाविली.

पुढें १९२५ मध्यें बरो म्युनिसिपालिट्यांचा कायदा झाला, सभेचा अधिकार वाढला, मतदार वाढले. स्वातंत्र्य आल्यावर १९४९ मध्यें मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाला व त्याखालीं १५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुणें शहर आणि पुणें उपनगर ह्या दोन नगरपालिका मिळून महानगरपालिका बनली. लष्कर व खडकी येथील कॅन्टोन्मेंट त्या वेळीं बाहेरच राहिले. त्यांचा कारभार निराळ्या कायद्यानें निराळ्या बोर्डाकडे होता. एकाच रस्त्यावर चालतां चालतां माणूस एका संस्थेंतून दुसऱ्या संस्थेंत शिरतो, हें पुण्याचें वैचित्र्य त्यामुळें कायम झालें. महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९५२ मध्यें झाली, तीत बाबुराव सणस हे पहिले महापौर झाले. पहिलीं दोन वर्षें सभाच नव्हती, स. गो. बर्वे यांच्यासारखे कर्तबगार अधिकारी शहर चालवीत होते, आणि तें त्यांनीं चांगलें चालविलें ही गोष्ट जुने लोक आवर्जून सांगत. अधिकारी चांगला असला म्हणजे सभेची उणीव भासत नाहीं, हा समज पुण्यांत रुजण्यास हेंहि एक कारण झालें असावें.

आतां यंत्र कसें चालतें तें पाहूं. कायद्यानें तीन अधिकारस्थानें सांगितलीं आहेत: सर्व सभासदांची महानगरपालिका, म्हणजे बोलण्यांतली सर्वसाधारण सभा, तिनें आपल्यांतून निवडलेली सोळा जणांची स्थायी समिति, आणि आयुक्त. अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त तयार करतात व स्थायी समितीपुढें मांडतात. समिति त्यांत फेरफार करून तो सर्वसाधारण सभेकडे पाठविते, आणि सभेची मंजुरी मिळाल्यावर १ एप्रिलपासून खर्च सुरू होतो. कराचे दर सभा ठरविते. ठराविक रकमेच्या वरचे ठेके स्थायी समितीच्या संमतीखेरीज देतां येत नाहींत. पण एकदां मंजुरी मिळाली कीं काम कोणी, कसें व केव्हां करावें हें सारें आयुक्तांच्या हुकमतीखालीं; सभासदास एखाद्या शिपायासहि हुकूम सोडतां येत नाहीं. पाणी, सांडपाणी, झाडलोट, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा, सांथीचा प्रतिबंध हीं आवश्यक कर्तव्यें. उद्यानें, नाट्यगृहें, पुतळे वगैरे ऐच्छिक. पैसा अपुरा असला म्हणजे दोहोंतला भेद फार महत्त्वाचा होतो, आणि अंदाजपत्रक वाचणारानें प्रथम हाच भेद शोधावा.

सरकारी अधिकाऱ्यास इतकें बळ देण्याचें कारण काय? ह्याचें उत्तर मुंबईंत आहे. १८६५ च्या कायद्यानें मुंबईस आयुक्त नेमण्यांत आले, ते आर्थर क्रॉफर्ड. मोठे उत्साही गृहस्थ. रस्ते, बाजार, सफाई ह्यांचा त्यांनीं धडाका लाविला आणि शहराचें रूप पालटून टाकलें. पण त्यांच्या हातावर दाब ठेवणारें कोणी नव्हतें, खर्च उत्पन्नापलीकडे गेला, आणि १८७१ मध्यें करदाते खवळून उठले. त्या गदारोळांत तरुण फिरोजशहा मेहता यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, दोष अधिकारी एक असण्याचा नाहीं. त्याच्यावर करदात्यांनीं निवडलेल्या सभेची देखरेख नाहीं हा दोष आहे. काम करणारा हात एकच ठेवा, पण पैशाची किल्ली निवडलेल्यांकडे द्या. १८७२ च्या कायद्यांत करदात्यांनीं निवडलेले सभासद आले, हिशेबावर नजर ठेवणारी छोटी समिति आली. १८८८ च्या कायद्यांत तीच स्थायी समिति झाली. पुण्याच्या कायद्यानें हा नमुना उचलला. योगायोग असा कीं, क्रॉफर्डसाहेबांच्या नांवच्या मुंबईंतील मंडईसहि पुढें जोतीराव फुल्यांचेंच नांव मिळालें.

दोन किल्ल्यांच्या ह्या रचनेवर तिसरा हात राज्यसरकारचा. आयुक्त त्यांचा, सभेचा एखादा ठराव लोकहिताविरुद्ध वाटला तर तो निलंबित वा विखंडित करण्याचा अधिकारहि त्यांचा. सभेच्या हातांत एक उलट अस्त्र आहे: एकूण सभासदांपैकीं निदान पांच अष्टमांश सभासदांनीं मागणी केली तर आयुक्तांस परत बोलवावें लागतें. हें अस्त्र क्वचितच उपसलें जातें. खरा दाब त्याचा नसून दर महिन्याच्या सभेंतील प्रश्नांचा असतो. सभेंत गोंधळ होतो, कागद फाडले जातात, राजदंड पळविला जातो, हें सारें खरें. ठेक्यांतून स्वार्थ साधणारे सभासदहि प्रत्येक काळांत निघाले. तथापि अमुक पेठेंत पाणी कां नाहीं हा प्रश्न अधिकाऱ्यास उभा करून विचारण्याची जागा तेवढी एकच.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें ह्या जागेस राज्यघटनेचा आधार मिळाला. सभेची मुदत पांच वर्षें, त्याहून अधिक नाहीं, आणि मुदत संपण्यापूर्वीं पुढील निवडणूक झाली पाहिजे, असें घटनेंत स्पष्ट लिहिलें गेलें. स्त्रियांस प्रथम एक तृतीयांश व महाराष्ट्रांत २०१२ च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा मिळाल्या. रमाबाईंनीं ज्या सभेच्या दाराशीं मागणी नेली त्या सभेंत आतां निम्म्या खुर्च्या स्त्रियांच्या आहेत.

असें असून मार्च २०२२ मध्यें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. २०१७ मध्यें निवडलेल्या १६२ सभासदांची मुदत संपली आणि निवडणूक झालीच नाहीं. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयांत होता, प्रभागांच्या रचना एकदां होऊन पुन्हां बदलल्या, आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. आयुक्तच प्रशासक झाले. सर्वसाधारण सभेचे व स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे आले. म्हणजे अंदाजपत्रक मांडणारे तेच, त्यावर विचार करणारे तेच, आणि मंजूर करणारेहि तेच. शाळेच्या परीक्षेंत एकाच इसमानें प्रश्न काढावे, उत्तरें लिहावीं आणि गुणहि द्यावे, तसा हा प्रकार. असें वर्ष दोन वर्षें नव्हे, पावणेचार वर्षांहून अधिक काळ चाललें. शहर बंद पडलें नाहीं हें खरें. नळाला पाणी आलें, कचरा उचलला गेला, उड्डाणपुलांचीं कामें चाललीं. "सभासद नाहींत तेंच बरें, निदान भांडणें तरी नाहींत" असें बोलणारे सुशिक्षित लोक पुण्यांत थोडे नव्हते; १८७१ पूर्वींच्या मुंबईंतहि असे लोक असतील.

पण ह्या काळाची खरी झळ पेठांपेक्षां शहराच्या कडेस लागली. २०१७ मध्यें अकरा व २०२१ मध्यें तेवीस गांवें महानगरपालिकेंत घेण्यांत आलीं. त्या वेळीं शहराची हद्द पांचशें चौरस किलोमीटरच्या वर गेली आणि क्षेत्रफळांत पुणें मुंबईच्याहि पुढें गेलें. ह्या तेवीस गांवांची स्थिति विचार करण्याजोगी आहे. गांव शहरांत आलें त्याबरोबर ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला. नवा सभासद निवडून यावयाचा तर निवडणूक नाहीं. म्हणजे काल ज्या माणसाचें दार ठोठावून "पाण्याचा टँकर कां आला नाहीं" असें विचारतां येत होतें तो माणूस राहिला नाहीं, आणि त्याच्या जागीं दुसरा कोणी आला नाहीं. कराचें बिल मात्र महानगरपालिकेचें आलें. कर किती, सुविधा काय, ह्यावरून तेथें कुरबुर होत राहिली. उरुळी देवाची व फुरसुंगी हीं आधीं घेतलेलीं गांवें २०२४ मध्यें महानगरपालिकेंतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला, तोहि अशाच कुरबुरीच्या पोटीं. कात्रजच्या पलीकडे आज टँकरपुढें घागरींची रांग लागते तेव्हां जुन्या हौदांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पाणी शहराचें आहे; पण त्यावर आपला हक्क कोणाकडे सांगावयाचा हें ठाऊक नसलेलीं माणसें तेव्हांहि होतीं, आणि ह्या चार वर्षांतहि होतीं.

मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि अखेरीस १५ जानेवारी २०२६ रोजीं पुण्यांत मतदान झालें. १६५ जागा, ४१ प्रभाग. बहुतेक प्रभागांत चार सभासद, म्हणून मतदारानें चार मतें द्यावयाचीं. ह्या बहुसदस्य पद्धतींत एक खोड आहे. चार सभासद असले म्हणजे तुंबलेल्या गटाराबद्दल ह्यानें त्याच्याकडे बोट दाखवावें आणि त्यानें तिसऱ्याकडे, असें होतें. चौघांतला आपला कोण हें मतदारासहि ठरवितां येत नाहीं. एका प्रभागास एकच सभासद असावा हें मत जाणत्या लोकांनीं वारंवार मांडलें आहे व त्यांत तथ्य आहे.

विद्यापीठाचा येथें आणखी एक संबंध येतो. परगांवाहून पुण्यास शिकावयास येणारे हजारों विद्यार्थी वर्षानुवर्षें ह्या शहराचें पाणी पितात, रस्ते वापरतात, खाणावळींत जेवतात. त्यांतील बहुतेकांचें नांव गांवच्या मतदारयादींत असतें, येथें नसतें. वसतिगृहाच्या पत्त्यावर नांव नोंदवितां येतें ही गोष्ट फारच थोड्यांस माहीत असते. स्थानिक स्वराज्याचा धडा पुस्तकांत पाठ करून परीक्षा देणारा विद्यार्थी स्वतः ज्या शहरांत राहतो तेथें मतदार नसतो, ही विसंगति विद्यापीठाच्या शहरांत तरी खटकावयास हवी.

सभा परत आल्याबरोबर प्रभाग समित्याहि परत येतात. पुण्यांत पंधरा क्षेत्रीय कार्यालयें आहेत, आणि पदपथाची दुरुस्ती, बसथांब्यावरचें छप्पर, गल्लींतला दिवा अशा लहान कामांचा विचार ह्या समित्यांपुढें होतो. अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वीं कांहीं महिने नागरिकांकडून अशा कामांच्या सूचना मागविण्याची प्रथा पुण्यानें २००६ पासून पाडली. त्यासाठीं एक साधा अर्ज असतो. काम कोठलें, अंदाजें कसलें, एवढेंच त्यांत लिहावयाचें. प्रशासकांच्या काळांतहि अर्ज घेतले जात, पण त्यांतला कोणता ठेवावा व कोणता टाकावा हें कचेरींतल्या टेबलावर ठरे. आतां तो विचार समितीच्या बैठकींत व्हावयाचा आहे. अर्ज जवळच्या क्षेत्रीय कार्यालयांत मिळतो आणि भरून तेथें देतां येतो.